बारा बोरचे काडतूस

‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. समुद्रमार्गे आलेल्या ह्या पाहुण्याने आपल्या घरांत असे बस्तान बसविले की, खंडेनवमीस तलवारीशेजारी बंदुकीलाही हळदकुंकू लागू लागले. पूजेच्या आदल्या दिवशी नळी रिकामी आहे ना, हे पाहणारा वडीलधारा मात्र प्रत्येक घरात असतोच असे नाही.

एक रतल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतील एक जीत नेमकी बसेल ती बारा बोरची नळी. ठासणीच्या बंदुकीत दारू किती आणि छर्रे केवढे, हे वापरणाराच ठरवी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार काडतूस रूढ झाले आणि हा निर्णय दुकानाच्या फळीवर गेला. इंग्रजी मापाच्या सहा नंबरच्या छऱ्यांत औंसाला सुमारे २७० दाणे येतात, एस्. जी.मध्ये अवघे ८. शिसे तेवढेच, गुण निराळा. सहा नंबर पाखरासाठी आहे; रानडुकरावर झाडला तर डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उलटते. एस्. जी. जवळून काम करतो, पण अंतर वाढले की दाणे पांगतात. शिवाय शेतात उपयोगी पडणारा तोच जाड दाणा घरात झाडला, तर फळ्यांची भिंत भेदून पलीकडे निजलेल्या लेकरापर्यंत पोचू शकतो. शेत आणि घर ह्या दोहोंसाठी कपाटात एकच डबा ठेवणे आम्हांस म्हणूनच अविचाराचे वाटते.

ह्या निवडीशी कायद्याचा संबंध जुना आहे. १८५७ च्या उठावानंतर प्रजेला निःशस्त्र करण्याचे जे धोरण सरकारने धरले, ते १८७८ च्या शस्त्र कायद्याने पक्के झाले. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मागितला. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने (अंमल १९६२ पासून) संरक्षणासाठी निदान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक परवान्यावर देण्याची तरतूद केली. शेतकऱ्याच्या हाती आधी ठासणीच द्यावी, ह्यात जुना संशय थोडा उरला आहे, असे आमचे मत आहे.

चोरासंबंधी १८६० च्या दंडसंहितेत जे होते, तेच १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. रात्रीच्या घरफोडीत आत्मरक्षणाचा हक्क प्राण घेण्यापर्यंत जातो (कलम ४१). परंतु बचावास आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही (कलम ३७). ‘आवश्यक तेवढे’ म्हणजे किती, ह्याचा काथ्याकूट आम्ही वकील मंडळी वर्षानुवर्षे करू. छर्रा कलम वाचीत नाही. तो कोणता असावा हे दिवसाउजेडी दुकानात ठरलेले असते.

श्वापदांची गोष्ट आणखी अवघड. १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये बिबट्या अंगावर आला असता सद्भावनेने केलेला वध अपराध ठरत नाही. वासरू नेले एवढ्यावरून मात्र त्याला मारता येत नाही. त्या वेळी मारणारा स्वतःच कायदा मोडीत असेल, उदाहरणार्थ, बेकायदा शिकारीस बसलेला असेल, तर तेही संरक्षण जाते. आणि मेलेला बिबट्या, कातड्यानखांसकट, सरकारची मालमत्ता होतो.