विक्रमी फेरी मोठी, की उतरता हॅण्डिकॅप?

अठराव्या होलवर शेवटचा पट पडतो, स्कोअरकार्डावरील आकड्यांची बेरीज होते आणि आयुष्यात प्रथमच ती ८० च्या आत भरते. हौशी गोल्फपटूच्या दृष्टीने तो दिवस सणाचा असतो. मात्र दुसऱ्या दिवशी नोंदी पाहाव्यात, तर त्याचा हॅण्डिकॅप जेमतेम एकाने उतरलेला असतो. एक आकडा म्हणतो, तू बाजी मारलीस. दुसरा म्हणतो, अजून मजल बरीच बाकी आहे. यांपैकी अधिक मोलाचा कोणता, यावर गोल्फ क्लबांतून वर्षानुवर्षे वाद झडत आले आहेत.

क्रिकेटप्रेमींना हा वाद अपरिचित वाटू नये. २००४ मध्ये अँटिग्वा येथे ब्रायन लाराने केलेल्या नाबाद ४०० धावा थोर, की डॉन ब्रॅडमन यांची ९९.९४ ची सरासरी, असाच तो प्रश्न आहे. फरक इतकाच, की हॅण्डिकॅप ही निव्वळ सरासरी नव्हे.

वीसांतील उत्तम आठ

जगभरात प्रचलित असलेल्या सहा निरनिराळ्या पद्धती एकत्र करून अमेरिकेतील यूएसजीए आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील आर अँड ए या संस्थांनी २०२० पासून जागतिक हॅण्डिकॅप पद्धती अमलात आणली. तीनुसार खेळाडूच्या अलीकडच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम आठ निवडून त्यांची सरासरी काढली जाते. उरलेल्या बारा फेऱ्यांचा हिशेब होत नाही. म्हणजेच हॅण्डिकॅप सांगतो तो खेळाडूचा रोजचा खेळ नव्हे, तर चांगल्या दिवशी दिसणारी त्याची कुवत. साहजिकच आपल्या हॅण्डिकॅपला साजेसा खेळ सर्वसाधारण खेळाडूच्या हातून चार-पाच फेऱ्यांतून एकदाच होतो.

शिवाय या आठ फेऱ्यांचे नुसते फटके मोजून भागत नाही. मैदान किती अवघड, हेही विचारात घ्यावे लागते. त्यासाठी प्रत्येक मैदानाला दोन आकडे दिलेले असतात. शून्य हॅण्डिकॅपचा खेळाडू तेथे किती फटक्यांत फेरी पूर्ण करील, हे कोर्स रेटिंग सांगते. तर सामान्य खेळाडूला ते मैदान तुलनेने किती जड जाईल, हे ५५ ते १५५ या दरम्यानच्या स्लोप रेटिंगवरून कळते. ११३ हा स्लोप प्रमाण मानला जातो. खेळाडूच्या फटक्यांतून कोर्स रेटिंग वजा करायचे, उरलेल्या संख्येला ११३ ने गुणायचे आणि स्लोपने भागायचे. येणारा आकडा म्हणजे त्या फेरीची खरी किंमत. त्याला डिफरेन्शियल म्हणतात.

वानगीदाखल, ज्या मैदानाचे कोर्स रेटिंग ६९ आणि स्लोप ११३ आहे, तेथे ७९ फटके खेळणाऱ्याचा डिफरेन्शियल १० येतो. तोच खेळाडू कोर्स रेटिंग ७४ आणि स्लोप १४० असलेल्या कठीण मैदानावर ८४ फटके खेळला, तर आकडा येतो ८.१. म्हणजे ज्या ७९ चा त्याने पेढे वाटून आनंद साजरा केला, त्याहून हळहळत घरी नेलेली ८४ ची फेरी सरस होती! वैयक्तिक विक्रमाचा हा मोठा दोष. तो फटके पाहतो, मैदान पाहत नाही.

एका होलची किंमत

दुसरीकडे, विक्रमी फेरीची कसोटी हॅण्डिकॅपपेक्षा कठोर असते, हेही मान्य करावे लागेल. हॅण्डिकॅप काढताना प्रत्येक होलवरील फटक्यांना मर्यादा असते. पार, त्यावर दोन आणि खेळाडूला त्या होलवर मिळणारी सवलत, यापलीकडचे फटके धरले जात नाहीत. प्रत्येक होलवर एका फटक्याची सवलत असलेल्या खेळाडूने चार पारच्या होलवर दहा फटके घेतले, तरी हिशेबात सातच येतात. विक्रमी फेरीत अशी माफी नाही. तेथे अठराही होल सांभाळावे लागतात. पाण्यात गेलेला एक चेंडू साऱ्या दिवसावर पाणी फिरवू शकतो.

असे असूनही अशा एका फेरीने हॅण्डिकॅप फारसा हलत नाही. १५ हॅण्डिकॅपच्या खेळाडूने १० चा डिफरेन्शियल नोंदवला आणि जुन्या आठांतील १८ चा आकडा गळाला, तर हॅण्डिकॅप १४ वर येतो. कामगिरी हॅण्डिकॅपपेक्षा सात किंवा अधिक अंकांनी सरस असेल, तर आणखी एक आणि दहा किंवा अधिक अंकांनी सरस असेल, तर दोन अंक वजा होतात. मात्र पुढील वीस फेऱ्या झाल्या, की ती फेरी गणनेतून बाद होते. वैयक्तिक विक्रम तेवढा कायम राहतो.

व्यावसायिकांना हॅण्डिकॅप नसतो. पण एक फेरी म्हणजे सर्वस्व नव्हे, याचा अनुभव त्यांनाही येतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ट्रॅव्हलर्स स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी जिम फ्युरिकने ५८ फटक्यांची फेरी खेळली. पीजीए टूरवर हा आकडा गाठणारा तो पहिलाच. तथापि, आधीच्या तीन दिवसांच्या खेळामुळे त्याला संयुक्त पाचव्या स्थानावर समाधान मानावे लागले.

स्वतःसाठी आणि इतरांसाठी

या दोन आकड्यांतील महत्त्वाचा भेद वेगळाच आहे. वैयक्तिक विक्रम हा ज्याचा त्याच्यापाशी. एखादा सोपा पट न खेळताच पडला असे धरले, तर फसवणूक होते ती स्वतःचीच. हॅण्डिकॅपचे तसे नाही. सहा आणि वीस हॅण्डिकॅपचे दोन खेळाडू समोरासमोर येतात, तेव्हा दुसऱ्याला चौदा फटक्यांच्या आसपास सवलत मिळते आणि सामना बरोबरीचा होतो. हा व्यवहार दोघांच्या नोंदी खऱ्या असतील तरच टिकतो. बक्षिसाच्या आशेने मुद्दाम वाईट खेळून हॅण्डिकॅप फुगवणारे आणि प्रतिष्ठेपायी वाईट फेऱ्या दडवून तो कमी दाखवणारे, असे दोन्ही प्रकारचे महाभाग क्लबांतून आढळतात. पहिले दुसऱ्याचा चषक पळवतात. दुसरे बहुधा स्वतःच हरतात.

हॅण्डिकॅप उतरला, की मिळणारी सवलतही घटते आणि क्लबची स्पर्धा जिंकणे अवघड होते. तरीही प्रामाणिक खेळाडू तो उतरावा म्हणूनच धडपडतो, कारण सुधारणा झाल्याचा तो पुरावा असतो. नशिबाची साथ लाभलेल्या एका दुपारी विक्रम होऊ शकतो. वीसांतून आठ वेळा नशीब साथ देत नाही.

वय वाढते तसा मात्र हिशेब उलटतो. हॅण्डिकॅप चढू लागतो आणि नवा विक्रम दुरावतो. त्या वेळी चढलेल्या आकड्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. त्याच्याच बळावर सत्तरीतला खेळाडू तिशीतल्याशी बरोबरीने खेळतो. शिवाय उतारवयासाठी गोल्फने एक तिसरे उद्दिष्ट राखून ठेवले आहे, ते म्हणजे आपल्या वयाइतक्या किंवा त्याहून कमी फटक्यांत फेरी पूर्ण करण्याचे. सॅम स्नीड यांनी १९७९ मध्ये क्वाड सिटीज ओपन स्पर्धेत वयाच्या ६७ व्या वर्षी ६७ फटक्यांची फेरी खेळली आणि त्याच स्पर्धेत पुढे ६६ फटक्यांचीही.