प्रतवारी, सत्ता आणि विश्वासार्हता : बॅबकॉक यादी (१९११) आणि तिचा उत्तरइतिहास

१

उच्चशिक्षण संस्थांच्या क्रमवारीविषयी जी चर्चा होते, तिच्यात एक गृहीत सहसा तपासले जात नाही. क्रमवारी हे मुळात तटस्थ मापन असून राजकीय पक्षपात तिच्यात बाहेरून शिरतो, असे ते गृहीत होय. त्यामुळे आक्षेप घेणाऱ्यांचा रोख आकडे फुगविणे, सत्ताधाऱ्यांची मर्जी, परीक्षकांचे हितसंबंध यांवर असतो. हे दोष खरे आहेत. तथापि हे सर्व दोष दूर केले तर उरेल ते निर्मळ मापन असेल काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार ऐतिहासिक अंगाने करावयाचा आहे. त्यासाठी अमेरिकेच्या संघ शासनाने विसाव्या शतकाच्या आरंभी तयार करविलेली आणि नंतर स्वतःच दडपलेली एक यादी केंद्रस्थानी ठेवली आहे.

आरंभी परिभाषेचा एक मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठीत ‘प्रतवारी’ आणि ‘क्रमवारी’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थी वापरले जातात. प्रतवारीत वस्तूंचे वर्ग पाडले जातात आणि एका वर्गातील वस्तू परस्परांशी समान मानल्या जातात. क्रमवारीत प्रत्येक वस्तूला इतर प्रत्येक वस्तूच्या वर किंवा खाली बसविले जाते. या दोहोंमधील अंतर हे पुढील विवेचनाचे एक सूत्र आहे. कारण गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा बव्हंशी प्रतवारीकडून क्रमवारीकडे झालेल्या वाटचालीचा इतिहास आहे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी विद्यार्थी उच्च अध्ययनासाठी मोठ्या संख्येने जर्मन विद्यापीठांत जात असत. त्यांच्या पदव्यांचे मोल कसे ठरवावे, हा जर्मन विद्यापीठांपुढील व्यावहारिक प्रश्न होता. अमेरिकेत पदवी देणाऱ्या शेकडो संस्था होत्या आणि त्यांच्या दर्जात प्रचंड तफावत होती. १९०० मध्ये चौदा विद्यापीठांनी एकत्र येऊन ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज’ ही संघटना स्थापन केली, तिच्यामागील एक प्रेरणा अमेरिकी पदवीची परदेशातील पत सावरणे ही होती. म्हणजे संस्थांची प्रतवारी करण्याची गरज प्रथम दोन शिक्षणव्यवस्थांच्या तुलनेतून उद्भवली. तौलनिक अभ्यासकांनी ही बाब ध्यानात ठेवावी अशी आहे.

या संघटनेच्या आग्रहावरून संघ शासनाच्या शिक्षण कार्यालयाने हे काम अंगावर घेतले. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या या कार्यालयाचे मुख्य काम माहिती व आकडेवारी गोळा करणे हे होते. शिक्षण हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने कोणत्याही महाविद्यालयावर त्याची हुकमत चालत नव्हती. १९१० मध्ये येथे उच्चशिक्षणाचे विशेषज्ञ म्हणून केन्ड्रिक चार्ल्स बॅबकॉक यांची नेमणूक झाली. ते तत्पूर्वी ॲरिझोना विद्यापीठाचे अध्यक्ष होते.

बॅबकॉक यांनी स्वतःपुढे एकच प्रश्न ठेवला. अमुक महाविद्यालयाचा पदवीधर एखाद्या सशक्त पदव्युत्तर विद्यालयात दाखल झाला, तर त्याला एम.ए. ही पदवी मिळविण्यास किती काळ लागेल? त्यांनी प्रमुख पदव्युत्तर विद्यालयांना भेटी दिल्या, तेथील अधिष्ठात्यांशी चर्चा केली, विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या आणि ३४४ संस्था चार वर्गांत विभागल्या. पहिल्या वर्गातील संस्थेचा पदवीधर जादा अभ्यासाविना एका वर्षात एम.ए. होऊ शकेल, तर चौथ्या वर्गातील पदवी प्रमाण पदवीपेक्षा सुमारे दोन वर्षांनी उणी आहे, असा या वाटणीचा आशय होता. वर्गांतर्गत क्रम लावलेला नव्हता. ही शुद्ध प्रतवारी होती.

३

यादी १९११ मध्ये छापून तयार झाली. अधिकृत वितरणापूर्वीच तिच्यातील मजकूर बाहेर फुटला आणि वृत्तपत्रांपर्यंत पोहोचला. खालच्या वर्गांत पडलेल्या महाविद्यालयांनी तीव्र निषेध केला. शेवटी १९१३ च्या आरंभी, कार्यकाळ संपत आला असताना, राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांनी आदेश काढून यादीच्या प्रसारास मनाई केली. त्यांच्यानंतर आलेले वुड्रो विल्सन हे स्वतः १९०२ ते १९१० या काळात प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. मनाई उठविण्याची विनंती त्यांच्याकडे करण्यात आली. त्यांनीही ती उठविली नाही.

या विरोधाचे स्वरूप बारकाईने पाहिले पाहिजे. त्यात दोन निरनिराळे आक्षेप मिसळलेले होते. पहिला आक्षेप पद्धतीविषयी. महाविद्यालयाचे सर्व कार्य एम.ए. च्या तयारीने मोजता येते काय? ज्या संस्था शाळांसाठी शिक्षक किंवा चर्चसाठी धर्मोपदेशक घडवीत होत्या, त्यांचे कार्य या प्रश्नाच्या कक्षेतच येत नव्हते. दुसरा आक्षेप अधिकाराविषयी. शासनाला असा निवाडा देण्याचा अधिकार कोणी दिला? राज्य विद्यापीठांचा पैसा विधिमंडळांतून येत होता, खासगी महाविद्यालयांचा देणगीदार आणि धर्मपंथ यांच्याकडून. संघ शासनाच्या शिक्क्यानिशी ‘तिसरा वर्ग’ असे छापले गेले, तर त्याची झळ थेट तिजोरीला लागणार होती. पद्धतीविषयीच्या आक्षेपाला उत्तर देता आले असते. निकष वाढवून, पुन्हा तपासणी करून यादी सुधारता आली असती. परंतु निर्णय झाला तो दुसऱ्या आक्षेपाच्या बळावर. यादी चुकीची आहे हे सिद्ध करण्याची गरजच उरली नाही.

४

शासनाने माघार घेतल्याने प्रतवारीची गरज संपली नाही. ते काम इतरांच्या हाती गेले आणि हस्तांतराबरोबर त्याचा निकषही बदलला. असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीजने मान्य महाविद्यालयांची स्वतःची यादी ठेवण्यास सुरुवात केली. मानसशास्त्रज्ञ जेम्स मकीन कॅटेल यांनी १९१० मध्येच नामवंत वैज्ञानिकांची संख्या मोजून विद्यापीठांची तुलना केली होती. हेच कॅटेल १९१७ मध्ये महायुद्धातील सक्तीच्या लष्करभरतीला विरोध केल्यामुळे कोलंबिया विद्यापीठातून बडतर्फ झाले. विद्यापीठाची थोरवी तेथील विद्वानांवरून मोजू पाहणाऱ्या अभ्यासकालाच विद्यापीठाने राजकीय मतांपायी दूर करावे, यातून त्या मापनात कोणती गोष्ट मोजली जात नव्हती हे उघड होते. विद्वानाला मतस्वातंत्र्य किती, हा रकाना कॅटेल यांच्या तक्त्यात नव्हता.

१९२५ मध्ये ओहायोतील मायामी विद्यापीठाचे अध्यक्ष रेमंड ह्यूज यांनी निरनिराळ्या विषयांतील प्राध्यापकांची मते मागवून पदव्युत्तर विभागांचे मूल्यमापन केले. येथून ‘प्रतिष्ठा’ हा निकष प्रतिष्ठित झाला. ह्यूज यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९३४ मध्ये केलेल्या पाहणीत संस्थांची नावे क्रमाने न देता वर्णानुक्रमाने दिली, हे उल्लेखनीय आहे. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली हेवर्ड केनिस्टन यांची पाहणी साहित्याच्या अभ्यासकांना विशेष जवळची वाटावी, कारण केनिस्टन हे स्पॅनिश भाषेचे विद्वान होते. त्यांनी पंचवीस प्रमुख विद्यापीठांतील विभागप्रमुखांना मते विचारली. परिणामी मत देणारे आणि ज्यांविषयी मत द्यावयाचे ते, दोघेही एकाच वर्तुळातील होते. साहित्याच्या इतिहासात मान्यकृतींची परंपरा जशी प्रस्थापित होते, तशीच ही प्रक्रिया आहे. ज्यांची नावे घेतली जातात त्यांनाच पुढील नावे सुचविण्याचा अधिकार मिळतो.

१९८३ मध्ये ‘यू.एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या साप्ताहिकाने महाविद्यालयांच्या अध्यक्षांचे मत अजमावून क्रमवारी छापली आणि १९८८ पासून ती दरवर्षी निघू लागली. शासनाला जे जमले नाही ते बाजाराने केले. मात्र येथे प्रतवारीची जागा क्रमवारीने घेतली. वर्गांची घोषणा एकदा करून भागते. क्रम मात्र दरवर्षी थोडा हलला तरच अंक खपतो. संस्थांनीही आपली वागणूक त्या क्रमाला जुळवून घेतली. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्याच संस्थेने पुरविलेल्या आकड्यांतील विसंगती दाखवून दिल्या. त्यानंतर त्याच वर्षी कोलंबिया दुसऱ्या स्थानावरून अठराव्या स्थानावर घसरले. एका वर्षात तेथील अध्यापन बदललेले नव्हते. बदलली होती ती माहिती.

५

या इतिहासाला एक लक्षणीय पुनरावृत्ती आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी महाविद्यालयांचे शासकीय मानांकन करण्याची आणि पुढे संघ शासनाचे विद्यार्थी-साहाय्य त्याच्याशी जोडण्याची योजना जाहीर केली. संस्थांनी पुन्हा तेच दोन आक्षेप घेतले. २०१५ मध्ये मानांकनाचा भाग सोडून देण्यात आला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या नावाने, वर्ग वा क्रम न लावता, केवळ माहिती उपलब्ध करून देण्यात आली.

त्याच सप्टेंबर महिन्यात, २९ तारखेला, भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ‘राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा’ सुरू केला. अमेरिकी शासनाने शंभर वर्षांत दोनदा सोडलेले काम भारतीय शासनाने त्याच महिन्यात हाती घेतले. येथे शासन स्वतःच्याच निधीवर चालणाऱ्या संस्थांना, खासगी संस्थांसह, क्रम देते. हितसंबंधांची गुंतागुंत उघड आहे. तरीही पक्षपाताचे सरळ समीकरण या ठिकाणी लागू पडत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठ तीव्र राजकीय वादात सापडले होते. त्यानंतर एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या क्रमवारीत विद्यापीठांच्या गटात ते तिसरे आले, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था दुसरी आली, आणि २०१७ मध्ये नेहरू विद्यापीठ दुसऱ्या स्थानी होते. सत्तेची नाराजी आकड्यांत उतरली नाही, हे आराखड्याच्या बाजूने नोंदविले पाहिजे. त्याचबरोबर त्या क्रमांकाने विद्यापीठाला वादात कोणते संरक्षणही दिले नाही.

याउलट जुलै २०१८ मध्ये ‘प्रतिष्ठित संस्था’ या योजनेत नवी मुंबईतील नियोजित जिओ इन्स्टिट्यूटची निवड झाली, तेव्हा ती संस्था अस्तित्वातही आलेली नव्हती. चालू संस्थांना या योजनेत पात्र ठरण्यासाठी देशी वा जागतिक क्रमवारीतील स्थान दाखवावे लागत होते. नव्या संस्थांसाठी ती अट नव्हती. नियमांचा भंग झाला नाही, नियमांची रचनाच तशी होती. आराखड्यातील माहिती बव्हंशी संस्था स्वतः पुरवितात, या मुद्द्यावर मार्च २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने क्रमवारीला अंतरिम स्थगिती दिली होती. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्या वर्षाची क्रमवारी प्रसिद्ध झाली.

६

आतापर्यंत पक्षपाताचे दोन प्रकार समोर आले : यादी दडपणे आणि यादीला वाट काढून देणे. तिसरा प्रकार अधिक खोल आहे आणि त्यासाठी कोणाच्याही हेतूची आवश्यकता नसते. शांघायहून २००३ पासून निघणाऱ्या जागतिक क्रमवारीत नोबेल पारितोषिके मोजली जातात. परंतु साहित्य आणि शांतता यांची पारितोषिके वगळली जातात. त्यातील शोधनिबंधांची गणना विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांच्या निर्देशसूचींवर आधारलेली आहे. मानव्यविद्यांची सूची तिच्यात धरली जात नाही. भारतीय आराखड्यातही संशोधनाची मोजणी ‘स्कोपस’ आणि ‘वेब ऑफ सायन्स’ या सूचींवरून होते. मराठी, कन्नड किंवा असमिया भाषेत सिद्ध झालेली पाठचिकित्सा, कोशकार्य वा वाङ्मयेतिहासाचा खंड यांना या मोजणीत जवळजवळ स्थान नाही. भारतीय भाषांतील नियतकालिकांना मान्यतेच्या कक्षेत आणू पाहणारी विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ यादी २०१८ मध्ये घोषित झाली. तिचे काम पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालत असे. २०२५ मध्ये ती बंद करण्यात आली.

याचा परिणाम केवळ मानापमानाचा नाही. प्राध्यापकांची पदे, अनुदान आणि संशोधनाचे विषय क्रमवारीशी जोडले जाऊ लागले, की विभागापुढे दोनच पर्याय उरतात. एक तर इंग्रजीत लिहावे, नाहीतर विद्यापीठाच्या गुणपत्रिकेतील शून्य म्हणून राहावे. मराठी भाषिक प्रदेशाबाहेरील मराठी अध्यासनांना हा प्रश्न अधिक तीव्रतेने भेडसावतो, कारण त्यांच्या बाजूने बोलणारे स्थानिक लोकमत नसते. १९१३ मधील अमेरिकी महाविद्यालयांमागे विधिमंडळे आणि धर्मपंथ उभे होते, म्हणून त्यांचा आक्षेप ऐकला गेला.

या इतिहासातून विश्वासार्हतेविषयी काही कसोट्या हाती येतात. निकष कोणता प्रश्न विचारतो हे स्पष्ट असावे. माहिती पुरविणारा आणि ती पडताळणारा वेगळा असावा. निवाड्यावर दाद मागता यावी. आणि काय मोजले नाही, याचीही नोंद यादीसोबत छापली जावी. बॅबकॉक यांची यादी पहिली कसोटी उतरते, तिसरी व चौथी उतरत नाही. आजच्या बहुतेक क्रमवाऱ्या पहिल्याच कसोटीपाशी अडखळतात, कारण अनेक निकषांची बेरीज करून त्या एक आकडा देतात आणि तो आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे सांगता येत नाही. दोन वस्तू शेजारी ठेवून त्यांचे भेद वाचणे आणि दोहोंतील एकीला वर बसविणे या वेगळ्या क्रिया आहेत, हे तौलनिक साहित्याभ्यासाने आपल्या व्यवहारातून सिद्ध केले आहे. भाषाविभागांनी आपल्या कार्याचे असे वर्णनात्मक अहवाल, वगळलेल्या कामाच्या नोंदीसह, दरवर्षी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तर चौथ्या कसोटीची पूर्तता करण्यासाठी कोणत्याही मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.