उंचीचा वर्ग कुठून आला?

किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. १७० सेंटिमीटर उंच आणि ६५ किलो वजनाच्या पुरुषाचा बॉडी मास इंडेक्स येतो २२.५. गणित सोपे आहे. पण वर्गातला एखादा चौकस मुलगा विचारतोच, 'सर, वर्गच का? घन का नाही?'

प्रश्न रास्त आहे. १५० सेंटिमीटर उंचीचा, ५० किलोचा माणूस सर्व बाजूंनी सारखाच वाढवून १८० सेंटिमीटरचा केला, तर घनाच्या नियमाने त्याचे वजन ८६ किलो व्हायला हवे. वर्गाच्या नियमाने ते ७२ किलो येते. प्रौढ माणसांच्या बाबतीत दुसरा आकडा वास्तवाच्या जवळ जातो, कारण उंच माणसे उंचीच्या मानाने सडपातळ असतात.

हे ज्यांनी मोजून दाखवले ते बेल्जियमचे अॅडॉल्फ केतले (१७९६-१८७४) डॉक्टर नव्हते, खगोलशास्त्रज्ञ होते. अनेक निरीक्षणांची सरासरी काढून ताऱ्याचे स्थान ठरवायचे, हीच रीत त्यांनी माणसांना लावली आणि 'सरासरी माणूस' शोधू लागले. त्यांचा ग्रंथ १८३५ साली निघाला. लठ्ठपणाशी त्यांना कर्तव्यच नव्हते!

लठ्ठपणा आला तो पुढे, विमा कंपन्यांच्या वजन-उंचीच्या तक्त्यांतून. ते तक्ते अमेरिकेतील अॅन्सेल कीज यांना पटत नव्हते. १९७२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सुमारे ७४०० पुरुषांची मापे तपासली. त्वचेची घडी चिमटीत धरून चरबीही मोजली. केतले यांचे जुने गुणोत्तर इतर निर्देशांकांहून निदान कमी पडत नाही, एवढाच त्यांचा निष्कर्ष होता. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्यांचेच. त्या अभ्यासात स्त्री एकही नव्हती. भारतीय पुरुषही नव्हते.

ही उणीव किती मोठी, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःच्याच उदाहरणाने दाखवले. 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. दोघांचा निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, तो असा.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २५ ही सर्वसाधारण मर्यादा कायम ठेवली, मात्र आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हावे असे सुचवले. आपल्या १७० सेंटिमीटरच्या पुरुषाला २५ ची मर्यादा लावली तर तो ७२ किलोपर्यंत निर्धास्त. २३ ची लावली, तर आजच्या ६५ किलोंवरून सावधगिरीची रेषा जेमतेम दीड किलोवर आहे.