विद्यापीठाचे घर आणि गारव्याचा हिशेब

मी पदवीधर नव्हे. मुंबई विद्यापीठाची फोर्टातील इमारत मी प्रथम पाहिली ती विरार लोकलने चर्चगेटला उतरून, युनियनच्या दाव्यासाठी ओव्हल मैदान तुडवीत हायकोर्टाकडे जाताना. वैशाखाचे ऊन होते. पुढे एकदा तिच्या कमानीखाली उभा राहिलो, तेव्हा कळले की येथे कोणी तरी उन्हाचा विचार करून ठेवला आहे.

विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली; स्वतःचे घर त्याला उशिरा मिळाले. कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून पदवीदान सभागृह १८७४ मध्ये आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ग्रंथालय व राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरे झाले. आराखडे विलायतेत बसून गिल्बर्ट स्कॉट यांनी काढले. हा गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलाच नाही. तरीही दगडी जाड भिंती, उंच छत, कमानींच्या पडव्या आणि पश्चिमेच्या वाऱ्याकडे तोंड, हे सारे तेथे आहे. दुसरा इलाजच नव्हता. शहराला कंपनीची वीज मिळू लागली ती १९०५ नंतर. त्या काळच्या कचेऱ्यांतून दोरी ओढणारे पंखेवाले मात्र असत. जुना गारवा फुकटचा होता असे म्हणणाऱ्यांनी ते हातही हिशेबात धरावेत!

हात गेले, कोळसा आला. आपल्याच जिल्ह्यात डहाणूला ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र १९९५ च्या सुमारास उभे राहिले, ते मुंबईच्या उपनगरांसाठी. चिकूच्या बागाइतदारांनी त्याला हरकती घेतल्या होत्या. गारवा तिकडे आणि धुराडे इकडे, ही वाटणी तेव्हाची.

राजाबाई टॉवर व ग्रंथालय यांची २०१३ ते २०१५ या काळात नीट दुरुस्ती झाली. पाडून नवे बांधणे म्हणजे नवे सिमेंट. आणि सिमेंटासाठी चुनखडी भाजताना इंधनाचा धूर वेगळा, खुद्द दगडातून सुटणारा कर्बवायू वेगळा.

आमच्या भागातील एका कॉलेजात नवी इमारत झाली, तिला न उघडणाऱ्या काचा. साहेबांच्या दालनात वातानुकूलन, शिपाई बोळात घामाघूम. आमच्या निवेदनात पहिली मागणी यंत्राची नव्हती, उघडणाऱ्या खिडक्यांची होती. दोन वर्षांनी चार काचा निघाल्या, झडपा बसल्या, आणि बोळातला दिवसाचा दिवाही बंद झाला. पाचवी काच अजून तशीच आहे; तिच्यामागे साहेब बसतात.