ऐच्छिक कर्तव्याचा इतिहास : महाराष्ट्रातील लहान नगरपरिषदा, सार्वजनिक उद्याने आणि देखभालीचा पैसा

प्रास्ताविक

मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियम, १९०१ ने नगरपालिकांच्या कामाचे दोन भाग केले. रस्त्यावरील दिवाबत्ती, झाडलोट, आग विझविणे, देवी टोचणे, दहन-दफनभूमीची व्यवस्था, प्राथमिक शाळा ही कामे बंधनकारक ठरली. दुसऱ्या यादीतील कामे नगरपालिकेच्या मर्जीवर सोडण्यात आली. या दुसऱ्या यादीच्या एकाच कलमात सार्वजनिक उद्याने, बागा, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये, वेड्यांची इस्पितळे आणि धर्मशाळा यांना एकत्र बसविण्यात आले. मसुदाकारांच्या दृष्टीने या सर्व गोष्टींत एकच साम्य होते. त्यांच्यावाचून गाव चालू शकत होते.

स्वातंत्र्योत्तर काळात ही विभागणी मोडली नाही. पश्चिम महाराष्ट्रातील मुंबई प्रांताचे कायदे, विदर्भातील १९२२ चा मध्यप्रांत व वऱ्हाड नगरपालिका अधिनियम आणि मराठवाड्यातील १९५६ चा हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियम यांच्या जागी महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम, १९६५ आला, तेव्हाही आवश्यक आणि ऐच्छिक असा भेद कलम ४९ मध्ये कायम राहिला आणि बागबगीचे ऐच्छिक बाजूलाच राहिले. लहान गावातील उद्यानाची चर्चा बहुधा 'निधी नाही' या दोन शब्दांवर येऊन थांबते. तथापि निधी कोणत्या प्रकारचा नव्हता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बाग उभारण्यासाठी पैसा अधूनमधून मिळत आला. ती राखणाऱ्या माळ्याच्या पगारासाठी मात्र तो कधीच निश्चित नव्हता. प्रस्तुत लेखात या फरकाचा मागोवा घेतला आहे.

वसाहतकाळातील नगरपालिका आणि तिचा खिसा

१८५० च्या सव्विसाव्या अधिनियमाने गावातील रहिवाशांनी मागणी केल्यास नगरपालिका स्थापन करण्याची सोय केली. १८७३ च्या मुंबई अधिनियमाने 'शहर' आणि 'गाव' अशा दोन प्रकारच्या नगरपालिका निर्माण केल्या. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावानंतर, १८८४ च्या दुरुस्तीने लोकनियुक्त सभासदांचे प्रमाण वाढले. अधिकार वाढले, परंतु उत्पन्नाची साधने त्या मानाने वाढली नाहीत. जकात, घरपट्टी, बाजारातील बैठकीची पट्टी आणि किरकोळ परवाना शुल्क यांवरच बहुतेक गावांचा कारभार चाले.

काही गावांना मात्र बाहेरून येणाऱ्यांवर कर बसविण्याची सोय होती. पंढरपुरात यात्रेकरूंवर कर होता. त्यामागे पटकीच्या साथींची भीती आणि स्वच्छतेचा खर्च ही कारणे होती. १९०५ मध्ये नगरपालिका स्थापन झालेल्या माथेरानची स्थिती वेगळी आहे. तेथे मोटारींना बंदी असल्याने येणारा प्रवासी दस्तुरी नाक्यावरून अथवा रेल्वेने येतो, त्यामुळे प्रवासी कर गोळा करणे स्वस्त पडते. ज्याच्यासाठी पायवाटा आणि देखाव्याची ठिकाणे राखायची त्याच्याकडूनच पैसा मिळतो. ही सुविधा किती अपवादात्मक आहे, हे सामान्य तालुक्याच्या गावाशी तुलना केल्यास लक्षात येते. तेथे बागेत येणारा माणूस गावचाच असतो आणि त्याच्याकडून घरपट्टी आधीच वसूल झालेली, किंवा थकलेली, असते.

करमणुकीवरील कराचा प्रवास येथे नोंदविण्यासारखा आहे. १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क अधिनियमाने तिकिटांवरील शुल्क प्रांतिक सरकारकडे नेले. तमाशाचा फड, सर्कस किंवा फिरता सिनेमा गावाच्या मैदानावर उतरे. मैदान नगरपालिकेचे, गर्दीनंतरची झाडलोट नगरपालिकेची, शुल्क मात्र सरकारजमा होई. नगरपालिकेच्या वाट्याला जमीनभाडे येई. २०१६ च्या एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ही बाब पंचायत अथवा नगरपालिका बसवील आणि वसूल करील तेवढ्या करापुरती मर्यादित केली. म्हणजे स्थानिक संस्थेचा हक्क मान्य होण्यास नऊ दशकांहून अधिक काळ गेला. तोवर फिरता सिनेमा गावोगावच्या मैदानांवरून जवळजवळ नाहीसा झाला होता.

संस्थानी वारसा

लहान गावांतील ज्या बागा जुन्या आणि प्रशस्त आहेत, त्यांपैकी अनेक नगरपालिकांनी घडविलेल्या नाहीत. सांगलीची आमराई किंवा सावंतवाडीच्या मोती तलावाचा परिसर ही संस्थानी राजवटीची निर्मिती होय. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये, खासबाग मैदान उभे राहिले. संस्थानिकाला जमीन विकत घ्यावी लागत नसे आणि माळी, भिस्ती, पहारेकरी यांचा खर्च दरबारच्या खात्यावर पडे. येथे हौसेबरोबर प्रतिष्ठेचाही भाग होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या प्रतिष्ठेपायी वर्षानुवर्षे पगार दिले जात.

८ मार्च १९४८ रोजी दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. या घटनेचा राजकीय इतिहास विपुल लिहिला गेला आहे. बागांच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, जमीन आणि झाडे यांचा वारसा उरला आणि दरबारचे खाते बंद झाले. ज्या ठिकाणी अशी बाग नगरपालिकेकडे आली, तेथे तिचा खर्च दिवाबत्ती आणि झाडलोटीच्या खर्चाशेजारी, त्याच मर्यादित उत्पन्नातून, भागवावा लागला.

जुन्या बागा बहुधा विहीर, तलाव किंवा ओढ्याच्या काठी आढळतात, हेही योगायोगाने घडलेले नाही. पाणी हा बागेचा सर्वांत मोठा चालू खर्च असतो. मोटेचे किंवा पाटाचे पाणी मिळेल तेथेच बाग टिके. नळयोजना आल्यानंतर बाग कोठेही काढता येऊ लागली आणि त्याच क्षणी ती पिण्याच्या पाण्याची प्रतिस्पर्धी बनली. १९७२ च्या दुष्काळासारख्या प्रसंगी बागेचे पाणी प्रथम तोडले जाणे स्वाभाविक होते आणि त्याला कोणी दोष देऊ शकत नाही. परंतु हिरवळ एका उन्हाळ्यात जळते आणि ती पुन्हा धरण्यास दोन-तीन पावसाळे लागतात. या हिशेबाला अंदाजपत्रकात स्थान नसते. आंबा-चिंचेसारखी झाडे असतील तर फळांचा आणि पावसाळ्यानंतर गवताचा लिलाव करून काही रक्कम परत मिळविण्याची जुनी रीत होती. शोभेच्या झाडांनी सजविलेल्या नव्या उद्यानांना तोही आधार उरला नाही.

ग्रंथालय आणि बाग : एका कलमातील दोन भावंडे

ऐच्छिक कर्तव्यांच्या यादीत बागेशेजारी ग्रंथालय होते. दोहोंचा पुढील इतिहास समांतर राहिला नाही आणि येथेच या विषयाचे मर्म सापडते.

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांची परंपरा नगरपालिकांहून जुनी आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, तेव्हाच्या अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे. ती वर्गणी, देणगी आणि कार्यकर्त्यांच्या कष्टांवर चालली. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ ने मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड या वर्गांप्रमाणे दरवर्षी परिरक्षण अनुदान देण्याची व्यवस्था निर्माण केली. हे अनुदान अपुरे आहे, ते वेळेवर मिळत नाही आणि ग्रंथपालाचे वेतन लाजिरवाणे आहे, या तक्रारी जुन्या व खऱ्या आहेत. तरीही तालुक्याच्या गावातील वाचनालय दार उघडून बसते, कारण कितीही तुटपुंजे असले तरी पुढील वर्षीच्या पैशाला कायद्याचा आधार आहे. 'परिरक्षण' हा शब्दच तेथे अनुदानाच्या नावात आहे.

बागेला असा कायदा मिळाला नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ ने वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष उपकराची तरतूद केली. त्याचा मुख्य रोख झाड तोडण्याच्या परवानगीवर आणि बदली लागवडीवर राहिला. झाड हे मोजता येणारे एकक आहे. मूल खेळू शकेल अशी सावलीची, स्वच्छ, संध्याकाळी उजेड असलेली जागा हे एकक कोणत्याही कायद्याने मोजले नाही.

१९७९-८० मध्ये केंद्र शासनाने लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना सुरू केली. तिचा मोठा भाग कर्जरूप असल्याने परतफेड करू शकतील अशा कामांकडे, म्हणजे दुकानगाळे आणि मंडईकडे, कल झुकणे साहजिक होते. बसस्थानकाजवळचा व्यापारी गाळा भाडे देतो. बाग काही देत नाही, निदान रोकड वहीत दिसेल असे काही देत नाही.

जमीन : आरक्षणापासून व्यपगत होण्यापर्यंत

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तयार झालेल्या विकास आराखड्यांत उद्याने आणि क्रीडांगणे यांसाठी जागा हिरव्या रंगाने दाखविल्या गेल्या. कागदावर लहान गावेही उद्यानांच्या बाबतीत संपन्न झाली. परंतु कलम १२७ ने एक घड्याळ लावून ठेवले होते. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि नोटिशीनंतरच्या मुदतीत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती. २००९ मध्ये ती बारा आणि २०१५ मध्ये चोवीस महिन्यांची झाली. मुदत वाढली तरी तिजोरी वाढली नाही. उलट १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या नव्या भूसंपादन कायद्याने बाजारमूल्याइतकेच दिलासा मूल्य देणे आवश्यक केले. जमीनमालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. एखाद्याची जमीन दहा वर्षे अडकवून ठेवून त्याला काहीच न देणे ही स्थिती समर्थनीय नव्हती. पण 'क' वर्ग नगरपरिषदेला, म्हणजे पंचवीस ते चाळीस हजार वस्तीच्या गावाला, एवढी रक्कम एकरकमी उभी करणे अवघड असते. रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देण्याचा मार्ग जेथे अशा हक्कांना गिऱ्हाईक आहे तेथे उपयोगी पडतो. बैठ्या घरांच्या गावात ते गिऱ्हाईक येणार कोठून?

परिणामी लहान गावांच्या विस्तारित भागात उद्यान म्हणून जे हाती लागते ते बहुधा रेखांकनातील दहा टक्के मोकळी जागा. लोक तिला सरळ 'ओपन स्पेस' म्हणतात. डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी ही अट आहे. जागा फुकट मिळते, पण विखुरलेली आणि लहान. तिच्यावर प्रथम कुंपण येते, मग सभामंडप, मग मंदिर. हे अतिक्रमण म्हणून पाहणे सोपे आहे. मात्र मंदिराला रोज झाडून दिवा लावणारे कोणीतरी असते, ही गोष्टही लक्षात घ्यावी लागते. ज्या जागेला राखणदार नव्हता तिला वस्तीने आपल्या रीतीने राखणदार दिला.

जकात गेल्यानंतर

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा उल्लेख केला. ऐच्छिक कामाला घटनेत जागा मिळाली, ही बाब लहान नव्हे. परंतु अनुसूची विषय देते, पैसा देत नाही. नंतर सहाच वर्षांत, १९९९ मध्ये, राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द करण्यात आली. जकातीचे दोष सर्वज्ञात होते. नाक्यावरील खोळंबा आणि गैरव्यवहार यांचे समर्थन कोणी करणार नाही. तरीही ती रोज जमा होणारी, गावाच्या हातातील रोकड होती. तिच्या जागी आलेले शासनाचे सहायक अनुदान प्रामुख्याने कर्मचाऱ्यांच्या वेतनावर खर्ची पडते, आणि आस्थापना खर्चावर मर्यादा असल्याने नवे पद निर्माण करणे अवघड होते. निवृत्त माळ्याच्या जागी माळी येत नाही, ठेका येतो.

२०१५ च्या अमृत अभियानात उद्याने व हरित जागांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम राखली गेली. तथापि ते अभियान मुख्यतः एक लाखावरील शहरांसाठी होते. ज्या तालुक्याच्या गावांतील ग्रामपंचायतींचे २०१४-१५ च्या सुमारास नगरपंचायतीत रूपांतर झाले, ती त्याच्या कक्षेबाहेर राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या अमृत २.० ने सर्व वैधानिक शहरांना सामावून घेतले आणि जलाशय व हरित जागा यांचाही समावेश केला. राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून माझी वसुंधरा अभियानाने हरितीकरणाला गुणांकन व बक्षिसांची जोड दिली. स्पर्धेने अनेक गावांत झाडे लागली, हे मान्य करावे लागेल. पण बक्षीस मिळणे न मिळणे दरवर्षी बदलते आणि झाडाला पाणी दरवर्षी लागते.

या पैशाच्या स्वरूपाने बागेचे रूपही ठरविले. जे काम एकदाच करून, मोजमाप पुस्तकात नोंदवून, देयक अदा करता येते ते होते. पेव्हर ब्लॉक, प्रवेशद्वार, रंगीत कारंजे, व्यायामाची लोखंडी साधने. नव्या उद्यानात मातीपेक्षा सिमेंट अधिक दिसते, याचे खापर केवळ अभिरुचीवर फोडता येत नाही. हिरवळीला रोज मजूर लागतो, पेव्हर ब्लॉकला लागत नाही. कारंजे वर्षभरात बंद पडते, कारण त्याच्या वीजबिलाचे लेखाशीर्ष त्याच्या उद्घाटनाच्या लेखाशीर्षाहून वेगळे असते.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी लहान शहरांना दिलेल्या अनुदानात साठ टक्के भाग पाणीपुरवठा व स्वच्छता यांच्याशी बांधलेला होता. उरलेले चाळीस टक्के अनिर्बंध होते आणि बाराव्या अनुसूचीतील कोणत्याही स्थानिक गरजेसाठी, म्हणजे उद्यानासाठीही, ते वापरण्याची मुभा होती. त्यात अपवाद एकच ठेवण्यात आला. वेतन आणि आस्थापनेचा अन्य खर्च या रकमेतून करता येत नव्हता. झोपाळा बसविता येत होता; त्याची निखळलेली साखळी रोज पाहणारा माणूस नेमता येत नव्हता.