पिवळ्या दिव्याची वंशावळ

मोटारीच्या डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचे चित्र असलेला एक पिवळा दिवा असतो. तो ट्रॅक्शन कंट्रोलचा. लुकलुकला तर यंत्रणा काम करते आहे. चालकाने बटण दाबून ती बंद केलेली नसतानाही दिवा जळत राहिला, तर काहीतरी बिघडले आहे. काय बिघडले, हे मात्र तो सांगत नाही. असे का, याचे उत्तर मला त्याच्या इतिहासात सापडते.

त्यातला एक धागा विमानतळावरून येतो. ब्रेक लावताना विमानाची चाके अडकून घसरू नयेत म्हणून ब्रिटनच्या डनलॉप कंपनीने १९५० च्या दशकात ‘मॅक्सरेट’ ही यंत्रणा आणली. १९६६ मध्ये ती जेन्सन एफएफ या मोटारीत आली. १९७८ मध्ये बॉशचे इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बसले. चाकाबरोबर दातेरी कडे फिरते, जवळच्या सेन्सरमध्ये विजेचे स्पंद उमटतात आणि त्यांवरून वेग कळतो. अडकणारे चाक ज्याला ओळखता येते, त्याला फुकट फिरणारे चाकही ओळखता येते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रॅक्शन कंट्रोल याच पायावर उभे राहिले. त्याला स्वतःचे अवयव जवळजवळ नाहीत. डोळे एबीएसचे, हात ब्रेकचे आणि इंजिनाचे. म्हणून यांपैकी कोणाचेही दुखणे या एकाच दिव्यावर उमटते.

दुसरा धागा धुराचा आहे. हवेच्या प्रदूषणाने त्रासलेल्या कॅलिफोर्नियाने १९८८ पासून मोटारींना स्वतःचे दोष ओळखण्याची सक्ती केली. १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींत ओबीडी-२ हे समान मानक आले. कायद्याची चिंता धुराची होती, चाकांची नव्हती. त्यामुळे इंजिनाचे कोड सर्वांना खुले झाले, एबीएसचे कोड मात्र बहुतांशी कंपन्यांच्या आपापल्या पद्धतीत राहिले. स्वस्त स्कॅनर ‘दोष नाही’ म्हणतो आणि दिवा जळतच राहतो, तो यामुळे.

एबीएस वाचणाऱ्या स्कॅनरवर सी००३५ असा कोड दिसला, तरी तो पुढच्या डाव्या चाकाच्या वेगमापन मंडलाकडे बोट दाखवतो, सेन्सर मेला असे म्हणत नाही. तुटलेली वायर, सैल कनेक्टर, गंजलेले किंवा तडकलेले कडे, ढिले बेअरिंग यांपैकी काहीही असू शकते. म्हणून गाडी हळू चालवत चारही चाकांचे वेग स्कॅनरवर पाहावेत. जे चाक मध्येच शून्य दाखवते, तिथे आधी वायर आणि कडे तपासावे, सेन्सर मागाहून बदलावा. कोड इंजिनाचा असेल, तर चाकांना हात लावण्याचे कारणच नाही.

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. म्हणजे हे दातेरी कडे आता आपल्या चिखलातून आणि खाऱ्या वाऱ्यातून फिरते आहे. दिवा लागला की ब्रेक दाबताच थांबतात म्हणून पुष्कळजण दुर्लक्ष करतात. पण तोच सेन्सर एबीएसचाही डोळा असतो, आणि पहिल्या पावसात निसरड्या घाटात त्याची उणीव भासते.