डॅगवुडची डुलकी

कचेरीत डुलक्या काढणाऱ्याला आपण कामचुकार म्हणून मोकळे होतो. मला मात्र ‘ब्लाँडी’ या चित्रपट्टीतला डॅगवुड बमस्टेड थेट चिनी तत्त्ववेत्त्यांच्या पंगतीला बसवावासा वाटतो.

चिक यंगने ही पट्टी १९३० साली सुरू केली, तेव्हा डॅगवुड हा कोट्यधीशाचा लाडावलेला पोरगा होता. पण अमेरिकेत मंदी आलेली. घरची चूल पेटण्याची पंचाईत, तिथे श्रीमंतांचे चाळे कोण वाचणार? मग यंगने त्याला ब्लाँडीपायी २८ दिवस उपोषणाला बसवले (ही विद्या काही आपलीच मिरास नव्हे!), १९३३ साली लग्न लावून दिले आणि बापाच्या इस्टेटीतून बेदखल केले. पुढे नशिबी डिदर्स साहेबाची नोकरी. त्या वर्षी तिकडे चारांत एक कामगार बेकार होता. साहेबाच्या शिव्या खायला मिळणे हेसुद्धा भाग्यच की हो!

आता च्वांग त्सूचे झाड घ्या. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला हा चिनी गृहस्थ. त्याच्या गोष्टीतला सुतार देवळापाशी वाढलेला प्रचंड वृक्ष बघून नाक मुरडतो : होडी केली तर बुडेल, शवपेटी केली तर कुजेल. रात्री झाड स्वप्नात येऊन त्याला विचारते, उपयोगाचा असतो तर एवढा वाढलो असतो का रे?

डिदर्स साहेब डॅगवुडला वरचेवर हाकलतो, आणि पुन्हा स्वारी टेबलाशी हजर! यंग १९७३ साली वारला, मुलाने पट्टी पुढे चालवली. डॅगवुड तिथेच. बढती नाही, पेन्शन नाही, पण कुऱ्हाडही नाही. पगारवाढ मागायला मात्र तो अजून जातो. झाडाने तेवढे कधी केले नव्हते.